आधी नियम, मग परीक्षा!

दौंड तालुक्यातल्या राहू बेटातला शेतकरी ऊस लावतो तेव्हा त्याला पावसाची खात्री नसते, तोडणीची टोळी कधी येईल याचा पत्ता नसतो आणि फडात बिबट्या दडलेला नसेल याचीही शाश्वती नसते. तरी एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक असते. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, गाळपाआधी जाहीर होते आणि ऊस घातल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असा कायदा आहे. कारखानदार तो सर्रास मोडतात. पण मोडला म्हणून भांडायला शेतकऱ्याच्या हाती निदान कागदावरची एक ओळ असते. त्याच शेतकऱ्याची मुलगी बारावी करते, सीईटी देते आणि पुण्याच्या सीओईपीत संगणक अभियांत्रिकीला जागा मिळेल का, म्हणून डोळ्यांत प्राण आणून बसते. तिच्या हाती तेवढी ओळही नाही. कोणत्या मापाने आपल्याला मोजणार, हे तिला मोजून झाल्यावर कळते. उसाच्या मोळीला जो न्याय या राज्याने दिला, तो पोटच्या पोरीला दिलेला नाही!

हा नशिबाचा खेळ आहे, असे कोणी म्हणू नये. ही अनिश्चितता आभाळातून पडलेली नाही, ती मंत्रालयात तयार होते. पुरावा हवा? अकरावी प्रवेशासाठी २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले, ते उच्च न्यायालयाने रद्द केले. २००९ मध्ये ‘९०:१०’चा कोटा आणला, तोही रद्द झाला. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ आणले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ मध्ये अकरावीसाठी सीईटी जाहीर केली. परीक्षा अकरा दिवसांवर आली असताना १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती मोडीत काढली. सरकार हरो वा जिंको, दर वेळी शिक्षा मुलांनी भोगली. अभियांत्रिकीची कथा निराळी नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये प्रवेश जेईई मेनवर, २०१६ मध्ये पुन्हा सीईटीवर. त्याच २०१६ मध्ये मेडिकलची मुले ५ मे रोजी राज्याची सीईटी देऊन घरी आली, तर ‘नीट’ची टांगती तलवार डोक्यावर! २४ मेच्या केंद्रीय अध्यादेशाने त्यांची सुटका केली. पण मधल्या दिवसांत त्यांनी काय सोसले असेल, याचा जमाखर्च कोणी मांडला?

सप्टेंबर २०२० तर विसरूच नये. ८ तारखेला सरकारने वैद्यकीय प्रवेशातला प्रादेशिक ७०:३० कोटा रद्द केला. ९ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि अकरावीचे प्रवेश थांबले. ‘नीट’ होती १३ तारखेला. म्हणजे परीक्षेला पाच दिवस उरले असताना मुलाला कळते की, आपली स्पर्धा कोणाशी, हेच बदलले! ७०:३० कोटा जावा की राहावा, हा प्रश्न वेगळा. मराठवाड्यातल्या मुलांच्या दृष्टीने तो अन्यायच होता. पण न्याय करायलाही वेळ-काळ असतो की नाही?

मराठा आरक्षणावर आम्ही येथे मत देत नाही, फक्त सनावळी मांडतो. २०१८ मध्ये १६ टक्के, २०१९ मध्ये शिक्षणात १२ टक्के, २०२० मध्ये स्थगिती, २०२१ मध्ये रद्द, २०२४ मध्ये पुन्हा १० टक्के. एकाच घरातला थोरला २०१९ मध्ये मराठा आरक्षणाच्या एसईबीसी गटातून, मधली २०२१ मध्ये आर्थिक दुर्बलांच्या ईडब्ल्यूएसमधून आणि धाकटा २०२४ मध्ये परत एसईबीसीतून अर्ज भरतो. आईबाप तेच, शेत तेच, कर्जही तेच. फक्त दाखला बदलत गेला. त्या प्रत्येक दाखल्यासाठी ऐन पेरणीत दौंडच्या कचेरीचे हेलपाटे मारणाऱ्या बापाची मजुरी कोण भरून देणार?

आता परीक्षेकडे वळू. २७ एप्रिल २०२५ च्या सत्रात सीईटीत गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले. एक प्रश्न दोन गुणांचा, म्हणजे २०० पैकी ४२ गुण मातीत! सुमारे २७ हजार मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेला बसवले. वर हे पर्सेंटाइल! परीक्षा अनेक सत्रांत, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी आणि शेवटी सात दशांशांपर्यंतचा आकडा. त्या वर्षी पीसीएम गटात सव्वाचार लाखांच्या आसपास मुले बसली. तेव्हा एक शतांश पर्सेंटाइल म्हणजे चाळीसएक मुले आणि एक दशांश म्हणजे चारशेवर. सीओईपीच्या संगणक शाखेचे दार या दशांशांतच उघडते आणि मिटते. एवढ्या बारीक काट्यावर आयुष्य तोलायचे असेल, तर काटा तपासण्याचा हक्क तोलल्या जाणाऱ्याला हवा.

निकाल लागला की ‘कॅप’चा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांचा, चक्रव्यूह. २०२५ मध्ये फेऱ्या चार झाल्या आणि नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा गोठली, पुढच्या फेरीचे दार बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला कोणताही मिळाला तरी गोठली. थोरल्या भावाच्या अनुभवावर विसंबून पर्याय लिहिणारी पोर येथे हकनाक अडकते. अकरावीचेही तेच. २०२५ मध्ये पहिल्यांदाच सारे राज्य ऑनलाइन प्रक्रियेत ओढले. २१ मे रोजी संकेतस्थळ उघडताच कोलमडले. नोंदणी २६ मेला सुरू झाली, २६ जूनची पहिली यादी २८ ला लागली. राज्यात जागा २१ लाखांवर, अर्ज १४ लाखांच्या घरात! गावच्याच ज्युनियर कॉलेजात जागा रिकाम्या असताना गावच्याच पोराने सर्व्हरची वाट पाहत बसायचे, याला सुधारणा म्हणायचे काय?

या गोंधळात पोळी कोणाची भाजते, तेही पाहा. पुण्यात हजारो रुपये घेऊन पर्यायांची यादी भरून देणारे सल्लागार आहेत, क्लासवाले आहेत, ‘मॅनेजमेंट’ची जागा राखून बसलेले आहेत. नियम जितका धूसर, तितका त्यांचा धंदा तेजीत. शहरातला सुशिक्षित बाप धूसर नियमातूनही वाट काढतो. राहूचा बाप नेट कॅफेवाल्याच्या तोंडाकडे पाहतो. हा गोंधळ गरिबावर बसवलेला कर आहे आणि त्याची पावतीही मिळत नाही.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच बजावले होते: सरकारी तिजोरी कष्टकरी रयत भरते आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग उचलतात. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली; पुढे त्यांची कर्मभूमी झाली याच दौंड तालुक्यातले केडगाव. तेव्हा शाळेचे दार उघडउघड बंद होते. आज ते उघडे दिसते, फक्त किल्ली दरसाल बदलली जाते.

म्हणून मागणी करतो, आर्जव नाही. विधिमंडळाने कायदा करावा: विद्यार्थी ज्या दिवशी अकरावीत पाऊल टाकेल, त्या दिवशीचे बारावीनंतरच्या प्रवेशाचे नियम त्याच्या प्रवेशापर्यंत बदलणार नाहीत. परीक्षा, गुणांचे सूत्र, फेऱ्या, कोटे, सारे त्यात आले. बदल करायचा तर पुढच्या तुकडीला लागू करा. न्यायालयाने मध्येच काही रद्द केले, तर वाढीव जागा निर्माण करून आधीच्या भरवशावर बसलेल्यांचे नुकसान सरकारने भरावे. सीईटी कक्षाने प्रत्येक सत्राची आकडेवारी आणि गुण समान पातळीवर आणण्याचा हिशेब जाहीर करावा. जातीचा दाखला आणि पडताळणी दहावीच्या आत शाळेतच पूर्ण करावी. पर्याय भरण्यासाठी प्रत्येक तालुक्यात विनामूल्य सरकारी केंद्र चालवावे. आणि जागा वाढवाव्यात! १८५४ मध्ये सीओईपीचा पाया घातला गेला. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अवसरी खुर्दला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय यायला २००९ उजाडले. या गतीने राहूच्या किती पिढ्या वाट पाहणार?

आमच्या मुलांना स्पर्धेची भीती नाही. हरायला ती तयार आहेत. ज्या नियमाने हरवणार, तो आधी सांगा. एवढे साधे वचन जे सरकार देऊ शकत नाही, त्याने गुणवत्तेचे नाव घेऊ नये. मते मागायला राहू बेटात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आईबापांनी यापुढे एकच प्रश्न विचारावा: नियमांचा कायदा कधी करणार, तारीख सांगा. तारीख नसेल, तर मतही नाही!