यंत्राच्या आधी रक्त तपासा

गेल्या वैशाखात एका लग्नासाठी आम्ही सावर्ड्याला गेलो होतो. मांडवात जेवणे उरकली आणि एका बंधूने आम्हाला हळूच बाजूला, आंब्याखाली नेले. वय पन्नाशीच्या आत. इतकी वर्षे काताच्या कारखान्यात राबलेला माणूस. पण बोलताना मान वर होत नव्हती. खिशातून घडी घातलेला कागद काढला. शहरातल्या एका दवाखान्याचा. नाव आम्ही छापत नाही. ताठरता येत नाही म्हणून 'शॉकवेव्ह' उपचार, इतक्या खेपा, आणि खाली आकडा. दुभती म्हैस येईल एवढा! "दादा, विजेचा झटका देतात काय हो?" त्यांनी विचारले. पैशासाठी बायकोची सोन्याची माळ गहाण ठेवायची ठरली होती. तिला मात्र गुडघ्याचा इलाज म्हणून सांगितले होते.

कुटुंबाच्या पानावर असला विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना एक आठवण देतो. र. धों. कर्वे आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुडच्या घराण्यातले. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरे दिली, म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली मुंबईत त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांना ज्याची लाज वाटली नाही, त्याची आम्हाला का वाटावी?

तर, हा विजेचा झटका नव्हे. या आवाजासारख्या दाबाच्या लाटा असतात. 1980 साली जर्मनीत अशा जोरदार लाटांनी मुतखडा फोडायला सुरुवात झाली. त्याच लाटा अगदी सौम्य करून लिंगावर सोडल्या तर तिथल्या रक्तवाहिन्या सुधारतील, अशी कल्पना निघाली आणि 2010 च्या सुमारास इस्रायलमधल्या डॉक्टरांनी तिचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांची तक्रार सौम्य आहे आणि रक्तवाहिन्यांमुळे आहे, अशा काहींना थोडा गुण आला. काहींना आला नाही. आलेला गुण किती दिवस टिकतो याचीही खात्री नाही. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली हा उपचार प्रायोगिकच मानावा असे सांगितले. युरोपातले तज्ज्ञ जरा सैल आहेत, पण तेही सर्वांना द्या म्हणत नाहीत. शिवाय स्नायूदुखीवरची निराळीच यंत्रे याच नावाने चालवणारेही आहेत. गिऱ्हाइकाला काय कळणार?

आम्ही त्या बंधूंना एवढेच विचारले, "साखर कधी तपासली?" कधीच नाही. रक्तदाब? नाही. बिडी? दिवसाला एक बंडल. त्या दवाखान्यात यातले काहीच विचारले नव्हते म्हणे!

खरी गोष्ट इथेच आहे. ताठरता येते ती रक्त भरल्याने. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांनी वाहिन्या खराब होऊ लागल्या की पहिली तक्रार बारीक वाहिनीची येते. छातीत कळ येते ती पुष्कळदा त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे ज्याला आपण मर्दानगीचा प्रश्न समजून लपवतो, ती हृदयाने आधी पाठवलेली चिठ्ठी असू शकते. सगळ्यांचेच असे नसते. पहाटे ताठरता नीट येत असेल आणि ऐनवेळी जात असेल, तर बहुधा चिंता, कर्ज, घरातले भांडण किंवा दारू यांकडे बघावे लागते.

गोळ्या आहेत. सिल्डेनाफिल 1998 साली अमेरिकेत आली, आता आपल्याकडे स्वस्तात मिळते आणि पुष्कळांना लागू पडते. पण ती डॉक्टरला विचारूनच घ्यावी. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. आणि भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' वैद्यांविषयी काय सांगावे! कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. भिंती मात्र रंगलेल्याच.

सावर्ड्याच्या माणसाला तपासणीसाठी मुंबई गाठायला नको. डेरवणचे वालावलकर रुग्णालय जवळ आहे, कामथ्याला सरकारी रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. लाजायचे असेल तर 'साखर तपासायची आहे' एवढेच म्हणून आत जावे, आणि डॉक्टर एकटे सापडले की बाकीचे सांगावे.

ते बंधू गेले. उपाशीपोटी साखर दोनशेच्या वर निघाली. मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. बिडी अर्ध्यावर आली आहे, असे ते म्हणतात. मूळ तक्रारीसाठी डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. माळ कपाटातच आहे. घरी शेवटी खरे सांगावेच लागले. त्यावर वहिनी म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. गुडघा दुखतो म्हणत होतात, पण लंगडताना कधी दिसला नाहीत."