अठरावा वाढदिवस झाला, पुढे काय?

आमच्या रेडमंडमध्ये सप्टेंबर म्हणजे गाड्या भरायचा महिना. गादी, कुकर, गोडा मसाल्याची बरणी घेऊन पोरं कॉलेजला निघतात. निघतात म्हणजे सुटतात असं मुळीच नाही! फोनचं बिल, गाडीचा विमा, खोलीच्या करारावर जामिनाची सही, सगळं आईबापांकडेच राहतं. मग ज्यांच्यामागे सही करायला कुणीच नाही, त्यांचं काय?

सरकारी देखरेखीखाली, फॉस्टर केअरमध्ये वाढलेल्या मुलांना इथे वॉशिंग्टन राज्यात १८ नंतरही २१ वर्षांपर्यंत दरमहा मदत घेता येते. मध्येच बाहेर पडलेल्याला परतही येता येतं. सरकारी आरोग्य विमा २६ पर्यंत, शिक्षणासाठी केंद्राकडून वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत. तरीसुद्धा याच रेडमंडमध्ये १८ ते २४ वयाच्या बेघर तरुणांसाठी 'द लँडिंग' नावाचा रात्रनिवारा उघडावा लागला. मायक्रोसॉफ्टच्या गावात! म्हणजे इथेही सगळं आलबेल आहे, असं समजू नये.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४६ आहे. संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत 'देता येईल', असं ते म्हणतं. 'द्यावीच लागेल' असं म्हणत नाही. सगळं घोडं इथेच अडतं. मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलांसाठी महिना ४,००० रुपये आहेत, साधारण २१ वर्षांपर्यंत. पुण्यात कॉट बेसिसवर जागा घेतली तर त्यातून जेवणाला काय उरतं, हे पुणेकरांना सांगायला नको.

अमृता करवंदे गोव्यातल्या अनाथाश्रमातून १८ व्या वर्षी बाहेर पडून पुण्याला आली. तिच्या पाठपुराव्यामुळे २०१८ मध्ये महाराष्ट्रात अनाथांना १ टक्का आरक्षण मिळालं. मोठंच काम झालं. पण आरक्षणाच्या नोकरीपर्यंत पोचायला आधी पदवी हवी, आणि पदवीपर्यंत डोक्यावर छप्पर हवं. वझ्झरचे शंकरबाबा पापळकर तर कित्येक वर्षं एकच विचारताहेत, अपंग अनाथ मुलांनी १८ नंतर जायचं कुठे? त्यांनी स्वतः ती मुलं घराबाहेर काढली नाहीत, उलट आपलं आडनाव दिलं.

आता थोडं आपल्याबद्दल. आपण परदेशातली मंडळी पोरांच्या वाढदिवसाला गावाकडच्या बालगृहात गोडाचं जेवण देतो, फोटो मागवतो. चिमुरडी फोटोत गोड दिसतात. मिसरूड फुटलेल्या पोराच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी मात्र कुणी पावती फाडत नाही. मीही कधी फाडलेली नाही. आणि खरं तर पैशांपेक्षा अवघड आहे ती जामिनाची सही. ती इथून करता येत नाही. ती तिथल्या आपल्या काका-मावशींनीच करायला हवी.

दिवाळीत सुट्टीवर जाल तेव्हा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्धा तास काढा. यंदा जिल्ह्यातल्या बालगृहांतून किती जण १८ पूर्ण करून बाहेर पडले आणि त्यांपैकी किती जणांच्या खात्यावर ते ४,००० जमा होताहेत, एवढं नम्रपणे विचारा. उत्तर लेखी मागा.