परिषदेतलं सत्र नक्की कुणासाठी?

बालमेंदूविकारांच्या परिषदेची तारीख ठरली की ‘शैक्षणिक सत्रांसाठी प्रस्ताव पाठवा’ असा मेल फिरतो. मग नेहमीचंच. जनुकीय चाचण्यांवर एक सत्र, १६ कोटींच्या इंजेक्शनवर एक, कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक. वक्तेही गेल्या वर्षीचेच, फक्त खुर्च्या बदललेल्या.

हे विषय नकोत असं नाही. एसएमए झालेल्या मुलाच्या घरी जाऊन ‘जीन थेरपीवर चर्चा नको’ असं म्हणायची कुणाची छाती आहे? पण यंदा प्रस्ताव लिहिणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. इन्फंटाइल स्पाझम्ससाठी सलग अर्धा दिवस मागा. आणि तो मेंदूविकारतज्ज्ञांसाठी नको, बाळ ज्यांच्या हातात आधी पडतं त्यांच्यासाठी मागा.

हा आजार महाफसवा. बहुतेक वेळा वर्षाच्या आतलं बाळ. झोपेतून उठलं की मान एकदम पुढे झुकते, हात पसरतात, पाय पोटाशी येतात. क्षणभरच. मग सैल पडतं, आणि काही सेकंदांत पुन्हा तेच. असे झटके ओळीने येत राहतात. आकडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तोंडाला फेस येतो, दातखीळ येते. इथे तसलं काही नाही. आजी म्हणते दचकतंय, शेजारीण म्हणते पोटात कळ येतेय, आणि डॉक्टरही पोटदुखीचे थेंब लिहून मोकळे. असे महिने जातात. तोवर ओळखीचं हसू द्यायला लागलेलं बाळ हसायचं थांबलेलं असतं, धरलेली मान सोडलेली असते.

बरं, उपचाराला १६ कोटी लागतात का? नाही हो! एसीटीएच महाग आहे, मान्य. पण तोंडावाटे द्यायचं प्रेडनिसोलोन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं. सगळी मुलं बरी होत नाहीत हेही खरं, पण उशीर जितका जास्त तितकी आशा कमी.

आशाताई बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याला घरी जातात. म्हणजे नेमक्या याच वयात! त्यांना दोन मिनिटांचा व्हिडिओ कुणी दाखवलाय? आपण मात्र पंचतारांकित हॉटेलात आपल्यालाच शिकवतो. महाराष्ट्रात नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते सभागृहात बसून जमतात. झटका ओळखता येतो का, हे कोण विचारतंय?

आणि आईबापांना मंचावर बसवा, मागच्या रांगेत नको. १८४१ साली ‘लॅन्सेट’मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन आलं ते एक पत्र होतं. इंग्लंडमधल्या डॉ. वेस्ट यांनी स्वतःच्याच मुलाबद्दल लिहिलेलं. आजारालाही त्यांचंच नाव मिळालं. आज आई मोबाइलवर झटका टिपून ओपीडीत आणते, आणि आपण ‘बघू नंतर’ म्हणून फोन परत देतो.

प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये सत्राच्या उद्दिष्टांचा रकाना असतो. त्यात ‘जागरूकता वाढवणे’ असलं गुळमुळीत काही लिहू नका. लिहा: ‘व्हिडिओ बघून बाळाला त्याच आठवड्यात ईईजीला पाठवता येईल.’ आणि आयोजकांनी शेवटच्या दिवशी, लोक विमानतळाकडे निघालेले असतानाची वेळ दिली, तर तिथेच भांडा.