घरच्या शाळेची दिनचर्या

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपल्या नगर जिल्ह्यातही घरोघरी मोबाईलवर वर्ग भरू लागले. ‘मुलगा अभ्यासाला बसत नाही, चिडतो, ब्राह्मी द्या,’ असे पालक सांगत. आम्हीही सिरप लिहून दिले, ही आमची चूक. मुले रात्री उशिरा झोपत, उपाशीपोटी पडद्यासमोर बसत आणि जेवण होताच गणित! तेव्हा तर मोठ्यांचेही डोळे मिटतात. चरकाने मेध्य रसायने सांगितली, तशी वाग्भटाने दिनचर्येला स्वतंत्र अध्यायाची जागा दिली. आजही मुलांना घरी शिकविणारे पालक आले, तर प्रथम झोपेची, जेवणाची, खेळाची वेळ विचारावी. कठीण विषय सकाळी हलक्या न्याहारीनंतर, दुपारी हस्तकाम. वाद वाढताच पुस्तक मिटावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही एवढे विचारल्यावाचून बाटली देऊ नये, असे आमचे मत आहे.