दोरी आपली, ऊन कुणाचं?



आमच्या निफाड तालुक्यात थंडीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. तरी सकाळी द्राक्षबागेत कामाला निघताना अंगणातल्या दोरीवर टाकलेलं धुणं संध्याकाळी खडखडीत वाळलेलं मिळतं. नवऱ्याचा बनियन, त्याची चड्डी दारातच, भर उन्हात. आणि माझ्या पाळीच्या घड्या? न्हाणीच्या मागे, परकराखाली, त्यावर पुन्हा जुनं लुगडं.

मला आईने असंच शिकवलं, तिला तिच्या आईने. डिसेंबरात घड्या दोन दोन दिवस ओल्या राहायच्या. दुसरी नसली की दमटच घ्यायची. दिवसभर बागेत उभं राहून मांड्या सोलवटायच्या, खाज सुटायची. बोललं तर उत्तर ठरलेलं, "थंडीच आहे, काय करणार!"

हे उत्तर खोटं आहे. आपल्याकडे थंडीत हवा कोरडी असते. ऊन कोवळं असलं तरी मोकळा वारा लागला की कापड वाळतं. आडोशाला, दुसऱ्या ओल्या कापडाखाली ते कसं वाळणार? दोष थंडीचा नाही, लपवण्याचा आहे. आणि ही लाज घेऊन आपण जन्माला आलो नाही, ती आपल्यावर लादली आहे.

कुणी म्हणेल, आता पॅड आले. २०१८ साली पॅडवरचा जीएसटी उठला, चांगलंच झालं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या सुमारे निम्म्या जणींनी आपण कापड वापरतो असं सांगितलं. स्वच्छ धुतलेलं, कडक वाळलेलं सुती कापड वाईट नसतंच. "उन्हात वाळवा" असा सल्लाही सगळे देतात. पण ऊन पडतं त्या अंगणात बाईची घडी चालेल का, हे कुणी विचारत नाही.

गेल्या थंडीत मी घड्या दारातल्या दोरीवर टाकल्या. सासूबाई म्हणाल्या, "चारचौघांत काय हे!" मी म्हटलं, "आत्याबाई, चारचौघं याच रक्तातून जन्मले ना?" नवरा दोन दिवस बोलला नाही. घड्या मात्र दुपारीच वाळल्या. आता धाकटी जाऊही तिच्या घड्या शेजारी टाकते.

बायांनो, या थंडीत आपल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्याच. घरादाराचं धुणं आपण धुतो, दोरी आपण बांधतो. मग उन्हातली हातभर जागा मागायची कशाला? ती घ्यायची!