मऊ लुसलुशीत

मी एका दुकानाला दोन तारे दिले होते. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी बरंच तोंड सोडणार आहे.

बाणेरला, आमच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर, गेल्या वर्षी बेगलचं दुकान उघडलं. पुणेकरांना बेकरीसमोर रांग लावायची जुनी सवय आहे, पण बेगल म्हणजे काय असं विचारलं असतं तर आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांनी कुत्र्याची जात सांगितली असती. पहिल्याच आठवड्यात आम्ही चौघं गेलो. २२० रुपये. वर तीळ, आत क्रीम चीज आणि मिरचीचा ठेचा. मी चावत राहिलो. घरी येऊन फोनवर लिहिलं, 'चव बरी, पण फार चिवट. दात दुखले.' दोन तारे. सतरा जणांना माझा अभिप्राय उपयुक्त वाटला.

मग कामासाठी तीन महिने जर्सी सिटीला होतो. तिथे रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात बेगल खाल्ला आणि दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की तो चिवटपणा म्हणजेच बेगल. साध्या पावाची कणीक तिंबून, फुगवून थेट भट्टीत जाते. बेगलचं कडं वळून बहुतेक ठिकाणी रात्रभर थंडीत ठेवतात आणि भाजण्याआधी उकळत्या पाण्यात सोडतात. मिनिटभरच. पाण्यात माल्ट किंवा मध. त्या मिनिटात वरचा स्टार्च शिजून चिकट होतो, कवच धरतं, आणि भट्टीत पाव हवा तसा फुगू शकत नाही. म्हणून आतून घट्ट, बाहेरून चकचकीत.

परत आल्यावर त्याच दुकानात गेलो. तोच ठेचा, तेच तीळ, किंमत २४०. आणि हातात भोक पाडलेला बनपाव. दाबला की दबतो, सोडला की फुगतो.

"दादा, हे आता उकळत नाही का?" मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं.

"आधी उकळायचो सर. लोक म्हणायचे कडक आहे, शिळा दिला. रेटिंग साडेतीनवर आलं. मालक म्हणाले, बंद करा. आता चार पॉइंट चार आहे."

"आणि ते मोठं पातेलं?"

"त्यात पास्ता उकडतो."

मित्रांना सांगितलं तर दोन प्रकारची उत्तरं आली. पहिलं, न्यूयॉर्कला जाऊन आलेल्यांचं: 'तिथल्या पाण्याशिवाय बेगल होतच नाही.' याला मी उत्तरही देणार नाही. माँट्रियलचा बेगल मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात, तो लहान आणि गोडसर असतो, आणि दोन्ही शहरं एकमेकांच्या बेगलला नावं ठेवतात. पण दोघं उकळतात. पोलंडमधल्या क्राकोच्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत बेगलचा उल्लेख आहे, तोही बाळाच्या जन्माच्या संदर्भात. म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवांच्या जवळपासचं काहीतरी. त्याला न्यूयॉर्कच्या नळाची गरज नव्हती.

दुसरं उत्तर जास्त धोकादायक, कारण ते समजूतदार वाटतं: 'भारतात धंदा करायचा तर जुळवून घ्यावंच लागतं. आपल्या लोकांना कडक चालत नाही.'

जुळवून घ्या की! ठेचा घातला, मला आवडला. उद्या शेंगदाण्याची चटणी घाला. पाव पोर्तुगीजांकडून आला, बटाटाही बाहेरून आला, आपण दोघांना एकत्र आणून वडापाव केला. पण म्हणून वडा तळायचा सोडला नाही. वर काही घालणं वेगळं, आणि जी एक कृती तो पदार्थ घडवते तीच गाळून नाव आणि किंमत कायम ठेवणं वेगळं. (अमेरिकेतही मोठे कारखाने उकळायच्या ऐवजी नुसती वाफ मारून वेळ वाचवतात. तिथे होतं म्हणून ते बरोबर होत नाही.) टेस्ट पास होत नाही म्हणून टेस्टच काढून टाकणारे लोक आमच्या धंद्यातही आहेत. बिल्ड हिरवं दिसतं.

आणि 'आपल्या लोकांना कडक चालत नाही' हे कोणी ठरवलं? मी जळगावचा. आमच्याकडे वरण-बट्टी असते. आई कणकेचे गोळे आधी उकडते, मग काप करून तुपात तळते. आधी पाणी, मग आग. आजी ती बट्टी समोरच्या चार दातांनी खायची. सोलापूरची कडक भाकरी पाहुण्यांना बांधून देतात. गोव्यात काकणं मिळतात, बांगडीसारखी गोल आणि चहात बुडवल्याशिवाय न तुटणारी. कडं करून भाजलेला कडक पाव आपल्या शेजारीच होता, आणि आम्ही बाणेरमध्ये 'चिवट' म्हणून नाक मुरडत होतो.

रेसिपीचा कुठलाही मराठी व्हिडिओ लावा. थालीपीठ असो, इडली असो, केक असो, शेवटी बोट रुतवून दाखवतात: बघा, किती मऊ लुसलुशीत. आमच्याकडे कौतुकाला एवढा एकच शब्द उरलाय. त्यात जे बसत नाही ते बिघडलेलं. आणि बिघडलेलं ठरवायला आता अंगठा पुरतो. बट्टी कशी खायची हे मला आजीने शिकवलं, मी तिला तारे दिले नव्हते. दुकानदाराला मात्र मी एक घास खाऊन निकाल सुनावला. त्याचं भाडं, पगार, पिठाचं बिल यांच्यासमोर माझे दोन तारे आणि सतरा अंगठे. त्याने माघार घेतली, याचा राग मी त्याच्यावर काढू शकत नाही.

जुना अभिप्राय काढून टाकलाय. मागच्या आठवड्यात त्या मुलाला विचारलं, उकळून देशील का? तो मालकांशी बोलून आला. किमान बारा हवेत, आदल्या संध्याकाळी सांगायचं, शनिवारी सकाळी आठला न्यायला यायचं.

"पण सर," तो म्हणाला, "नंतर कडक म्हणून लिहू नका."

माझ्याकडे आठ जण झालेत. बाणेर-औंधच्या बाजूला राहत असाल आणि दात शाबूत असतील, तर अजून चार हवेत.