संध्याकाळी सातनंतर

बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रांत दाखल होताना पहिला प्रश्न असतो, "सोबत कोण आहे?" बायको, आई, भाऊ, निदान मेव्हणा तरी. प्रश्न अस्थानी नाही. अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या अमली पदार्थावरील लेखनानंतर १९८६मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरालाही उपचारात ओढण्याची रीत महाराष्ट्रात तिथून रुजली आणि तिचा गुणही आला. पण मुंबईत बांधकामाच्या साइटवरच झोपणाऱ्या बिहारी गवंड्याने किंवा एका खोलीत आठ जणांबरोबर राहणाऱ्या नेपाळी वॉचमनने हे ‘सोबतचे माणूस’ कुठून आणायचे? आपली सारी व्यसनमुक्ती घर गृहीत धरून चालते. परगावाहून आलेल्या एकट्या कामगाराकडे नेमके तेच नसते, आणि त्याची दारू सुटत नाही म्हणून दोष मात्र त्याच्या मनोबलाला दिला जातो.

त्याची अडचण मला मनोबलापेक्षा संध्याकाळची वाटते. दिवसभर पाटी वाहून अंग मोडून येते. खोली दहा बाय दहाची, त्यात एक स्टोव्ह. पाय पसरायलाही पाळी लागते. हातात हजेरीचे पैसे असतात, आणि बाहेर बसायला, बोलायला उजेडाची एकच जागा असते: नाक्यावरचा देशी बार. तिथली नव्वद त्याला औषध, करमणूक आणि सोबत एकदमच देते. खिसा आणखी हलका असेल तर हातभट्टी. २००४मध्ये विक्रोळीत आणि २०१५मध्ये मालवणीत विषारी दारूने जे बळी गेले, ते बहुतेक अशाच हातावर पोट असलेल्या वस्त्यांतले होते.

जुन्या मुंबईने या संध्याकाळची थोडीफार सोय केली होती. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, गोव्याच्या खलाशांसाठी गावागावाचे क्लब, म्हणजे ‘कूड’ होते. कुडात रात्री रोजच्या प्रार्थनेला हजर राहावे लागे. गावकीच्या खोलीत कोण किती ‘लावून’ आला, याची बातमी मनिऑर्डरच्या आधी गावाला पोचे. याचे गोडवे गायला नकोत. गिरणगावही भरपूर प्यायला, आणि गावकीने पुष्कळदा झाकले. तिथे नजर होती, उपचार नव्हता. आज थोडा उपचार आहे, पण नजर ठेवणारे कुणी नाही.

परक्या शहरातल्या एकट्या माणसाचे हे दुखणे व्यसनमुक्तीच्या चळवळीला नवे नाही, किंबहुना तिचा जन्मच त्यातून झाला. मे १९३५मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी ॲक्रन शहरात आला होता. सौदा फिसकटला, खिसा जवळपास रिकामा, आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चची यादी. त्याने फोन फिरवत फिरवत आणखी एक दारुडा शोधला, डॉ. बॉब स्मिथ. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस त्या भेटीतून उभी राहिली. तिच्या मीटिंगला आजही फी नाही, आधार कार्ड नाही, आणि सोबत कोण आहे असे कुणी विचारत नाही.

"गावी पाठवून द्या," हा आपल्याकडचा लाडका उपाय. खोलीतली मुले वर्गणी काढून त्याला जनरल डब्यात बसवतात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. बिहारच्या प्रवासात त्यातला दीड दिवस गाडीतच जातो. आणि घरी पोचला तरी ज्या कर्जापायी तो निघाला होता, ते कर्ज दारातच उभे असते. "दारूबंदी करा" म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की हातभट्टीचा सुगीचा काळ मुंबईने दारूबंदीतच पाहिला. उरला "इच्छा असेल तर सुटते" हा आक्षेप. यात तथ्य आहे. इच्छेशिवाय कुणाचीच सुटत नाही. पण केंद्र सरकारने एम्समार्फत करून घेतलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला. उरलेल्या ३७ जणांच्या इच्छेची परीक्षा कोणी, कुठे घेतली?

म्हणून मागणी साधी आहे. मजूर नाक्यापासून चालत जाता येईल अशी एक खोली, संध्याकाळी सात ते दहा उघडी. तिथे चहा, मीटिंग, आणि भोजपुरी, नेपाळी, उडिया बोलणारा एखादा दारू सुटलेला माणूस. शिवाय केंद्रातून बाहेर पडल्यावर पहिले दोन महिने निजायला खाट, म्हणजे त्याच खोलीत, त्याच बाटलीशेजारी परतावे लागणार नाही. पैसा कुठून आणायचा? बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६च्या कायद्याने सुरू झालेला एक टक्का उपकर बांधकाम खर्चावर घेतला जातो. त्यातून भांडी आणि पेट्या वाटण्यापेक्षा हा खर्च ‘कल्याण’ या नावाला अधिक शोभेल. आणि जागेचे म्हणाल तर, रात्रशाळा भरते ती थोडी ठिकाणे सोडली तर महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी सातनंतर कुलूपबंदच असतात.